अर्धा ग्रॅम

"मिस बर्वे, अर्धा ग्रॅम कुठे गेला?"

डॉ. प्रभुदेसाई तराजूच्या काचेच्या पेटीवर वाकले होते. मी तिसऱ्यांदा वजन केलं होतं आणि तिसऱ्यांदाही आकडा तोच आला होता. तीन ग्रॅम, वर अगदी नावाला काहीतरी.

"सर, एवढंच निघालं."

"दिवाळीपर्यंत दर पंधरवड्याला साडेतीन निघत होतं. तेच तीनशे साप, तोच माणूस विष काढणारा, वजन करणाऱ्या तुम्हीच. मशीन नवीन आलं, तर उलट वाढायला हवं होतं. पूर्वी काचेला चिकटून वाया जायचं, ते आता जात नाही."

"मशीनमध्येच काही बिघाड असेल का?"

"मशीन विष खात नाही," ते म्हणाले. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि माझ्याकडे पाहिलं. "या विषाला बाहेर काय भाव आहे, माहीत आहे? सोन्यापेक्षा जास्त. आणि त्याला हात लागतात फक्त दोघांचे. एक लवू घाडीचे आणि दुसरे तुमचे."

मी चोवीस वर्षांची होते. साताऱ्याहून बी.एस्सी. होऊन आले होते आणि नोकरीला जेमतेम वर्ष झालं होतं. मी काही घेतलं नव्हतं, पण कुणी असं बघितलं की न घेतलेली वस्तूही आपल्या मुठीत असल्यासारखी वाटते.

"सर, विष काढताना खोलीत तो एकटाच असतो," मी म्हणाले. "मी आत जात नाही."

हे वाक्य माझ्या तोंडून गेलं ते १९८६ सालच्या डिसेंबरात. त्यात खोटं काहीच नव्हतं.

आमचं केंद्र देवगडच्या बाजूला एका सड्यावर होतं. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. पावसाळ्यानंतर नुसतं करपलेलं गवत आणि काळपट दगड. त्या दगडांखाली फुरशी असत. वीतभर ते हातभर लांबीचा हा साप, अंगाला अंग घासून करवतीसारखा आवाज करतो आणि डिवचला तर चटकन डसतो. आसपासच्या गावांतली माणसं फुरशी पकडून मडक्यात घालून, तोंडाला फडकं बांधून आमच्याकडे आणून देत. त्यांचं विष काढून, सुकवून आम्ही मुंबईला पाठवायचो. तिथे त्यापासून सर्पदंशावरची लस व्हायची.

पूर्वी हे सुकवण्याचं काम काचेच्या एका मोठ्या झाकणबंद भांड्यात चालायचं. तळाशी पाणी शोषणारा क्षार, वर बशीत विष, आणि पंपाने हवा काढून घ्यायची. दोन दिवसांनी बशीत पिवळ्या पापड्या मिळत, त्या पात्याने खरवडायच्या. दिवाळीनंतर नवीन मशीन आलं. प्रभुदेसाई साहेबांनी ते मला दोन दिवस समजावून सांगितलं होतं. विष आधी दगडासारखं गोठवायचं, मग हवा ओढून घ्यायची. म्हणजे बर्फाचं पाणी होतच नाही, बर्फ तसाच वाफ होऊन निघून जातो. उष्णता लागत नाही, म्हणून विषाचा गुण मरत नाही. झाकण उघडलं की तळाशी हलकी भुकटी, कापसासारखी. फुंकर मारली तर उडून जाईल अशी.

आणि लवू घाडी. वय पन्नासच्या आसपास, सडपातळ, कमरेला पंचा, वर केंद्राने दिलेला खाकी शर्ट. बारा वर्षं तो तिथे होता. सकाळी आठ वाजता मडक्यांच्या खोलीत शिरायचा आणि दार आतून लोटून घ्यायचा. एकेक फुरसं चिमट्याने उचलायचं, मानेमागे दोन बोटांत धरायचं आणि काचेच्या बशीच्या काठाला चावायला लावायचं. एक थेंब. मग दुसरं फुरसं. तीनशे फुरशांना दोन दिवस लागत. मी त्या खोलीत पहिल्या आठवड्यात एकदाच गेले होते. एका वेळी शंभर मडक्यांतून तो करवतीचा आवाज येत होता. मी बाहेर येऊन ओकले. लवू मागून पाण्याचा तांब्या घेऊन आला होता. "ऱ्हवांदे, बाय," म्हणाला होता. "तुका येवची गरज नाय. मी हाडून देतंय." तेव्हापासून तो बशी माझ्या टेबलावर आणून द्यायचा.

साहेब मुंबईला परत जाताना म्हणाले, "लक्ष ठेवा. पण त्याला कळू देऊ नका."

पुढच्या वेळी मी स्टूल घेऊन त्या खोलीच्या दारात बसले.

लवूने मागे वळून पाहिलं. "बाय, तू आज हय कशी?"

"साहेबांनी सांगितलंय, मोजणी लिहून घ्यायला."

"मोजणी?" त्याच्या हातात फुरसं होतं. "बारा वर्सा मीच मोजतंय."

"नवीन नियम आहे."

त्याने फुरसं बशीच्या काठाला लावलं. पण त्या दिवशी त्याचं काम सावकाश झालं. दर दहा-पंधरा सापांनंतर तो थांबायचा, खिडकीकडे तोंड करून उभा राहायचा. माझ्याकडे पाठ. एकदा त्याचा हात कमरेच्या पंच्याकडे गेला आणि काहीतरी चमकलं. छोटी काचेची बाटली, बोटाएवढी. त्याने ती लगेच परत खोचली.

"काय आहे ते?" मी विचारलं.

"काय नाय गो. तपकीर."

तपकिरीची डबी असते, बाटली नसते, एवढं मला कळत होतं. त्या लॉटची भुकटी तीन ग्रॅम भरली.

मग मला सगळंच दिसायला लागलं. घरी जाताना तो सरळ वाटेने न जाता कुंपणाच्या कडेने जायचा. मी हाक मारली की दचकायचा. बशी टेबलावर ठेवताना ती दोन्ही हातांनी धरून, चाचपून, मगच सोडायचा. आधी मला वाटायचं, जपून ठेवतोय, आता वाटायला लागलं की टेबलावर दुसरं काय आहे ते तो बघून ठेवतोय.

गुरुवारी तिठ्यावर बाजार भरायचा. मी भाजी घ्यायच्या निमित्ताने गेले आणि मसाल्याच्या दुकानाआड उभी राहिले. लवू आला. इकडेतिकडे पाहिलं. पिंपळाखाली कापडी पिशवी घेऊन एक अनोळखी म्हातारा बसला होता. लवू त्याच्यापाशी उकिडवा बसला, कमरेची बाटली काढून त्याच्या हातात दिली. म्हाताऱ्याने ती उन्हात धरून पाहिली आणि पिशवीत टाकली. दोघं हळू आवाजात बोलत होते. मी इतक्या लांब होते की शब्द कळले नाहीत, पण बघायचं ते बघून झालं होतं.

खोलीवर येऊन मी साहेबांना पत्र लिहिलं. दोन पानी. तारखा, वेळा, बाटली, म्हातारा, पिशवी. टपाल पेटीत टाकताना मला हलकं वाटलं, हे कबूल करायला हवं. आता माझ्याकडे कुणी तसं बघणार नव्हतं.

साहेब आठवड्याच्या आतच आले. लवूला प्रयोगशाळेत बोलावलं. मी तराजूपाशी उभी होते.

"लवू, कमरेला काय आहे?"

लवूने आधी माझ्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे. "माजा औषद असा."

"कसलं औषध?"

लवूने कमरेचा पंचा घट्ट धरला.

"पिंपळाखाली कुणाला देतोस?"

या प्रश्नाने त्याचा चेहरा पडला. मला वाटलं, सापडला.

"साहेब, मी कायएक घेवक नाय. बारा वर्सात एक थेंब नाय."

"मग बाटली दे इकडे. मुंबईला तपासून घेऊ. औषध असलं तर माफी मागेन तुझी."

लवूने बाटली काढली. मुठीत घट्ट धरली. मग दारापर्यंत गेला आणि सगळा जोर लावून ती बाहेर भिरकावली. सड्यावर जांभ्याच्या दगडावर ती फुटल्याचा आवाज आला.

"संपलं," साहेब म्हणाले. "पुरावाच घालवलास. पोलिसांत देत नाही, बारा वर्षांकडे बघून. उद्यापासून येऊ नकोस."

लवूने खाकी शर्ट काढला, घडी केली आणि माझ्या टेबलाच्या कडेला ठेवला. जाताना माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाय, तू तरी माका आधी इचारूचा होता."

जानेवारीत नवीन माणूस आला. हणमंत इंगवले, कोल्हापूरकडचा, तिशीतला, बोलका. काम जलद करायचा. पहिल्या लॉटची भुकटी मी मशीनमधून काढली, तराजूवर ठेवली.

तीन ग्रॅम.

मी पुन्हा वजन केलं. तीनच.

पहिला विचार माझ्या मनात काय आला? हाही चोर. लवूने याला गाठलं असणार. मी त्याच दिवशी हणमंताची पिशवी तो विहिरीवर हात धुवायला गेलेला असताना उघडून पाहिली. डब्यात चपात्या, लसणीची चटणी, मुलीचा फोटो. पुढच्या लॉटला मी भीती गिळून खोलीत आत गेले आणि दोन दिवस त्याच्या मागे, हातभर अंतरावर उभी राहिले. करवतीचा आवाज सगळीकडून येत होता. तीनशे साप, तीनशे थेंब, एकही नजरेआड होऊ दिला नाही. बशी मी स्वतः उचलून नेली, मशीनमध्ये ठेवली, दाराला कुलूप लावलं, किल्ली गळ्यात घातली.

तीन ग्रॅम.

"म्याडम, काय झालं? तोंड कसलं केलंय?" हणमंताने विचारलं.

"काही नाही. तुम्ही जा."

मी बराच वेळ त्या तराजूसमोर बसून राहिले. कुणीही घेतलं नव्हतं, हे या वेळी मला माझ्या डोळ्यांनी माहीत होतं. मग कपाटातली जुनी बाटली आठवली. दिवाळीआधीच्या शेवटच्या लॉटच्या पापड्या, साडेतीन ग्रॅम, मुंबईला पाठवायच्या राहिल्या होत्या. मी त्या थोड्या पाण्यात विरघळवल्या, गोठवल्या आणि नव्या मशीनमध्ये ठेवल्या. माझ्या समोर, माझ्या कुलपात. चोराला यात हात घालायला जागाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी झाकण उघडलं. कापसासारखी भुकटी. वजन केलं, तीन ग्रॅम.

जुन्या भांड्यात ते विष कधी पुरतं सुकलंच नव्हतं. कोकणातल्या दमट हवेत, जुनाट रबराच्या झाकणाखाली, त्या पापड्यांत सातातला एक भाग पाणी राहून जायचं, आणि ते आम्ही विष म्हणून तोलत होतो. नवं मशीन ते पाणी काढून घेत होतं. अर्धा ग्रॅम कधी नव्हताच.

साहेबांना मी तार केली, मागून पत्र पाठवलं. त्यांचं उत्तर आठ ओळींचं आलं. निरीक्षण महत्त्वाचं आहे, जुन्या नोंदी दुरुस्त कराव्यात. घाडीबद्दल खेद वाटतो, परंतु बाटली त्याने फेकली, त्याचा खुलासा त्याने आजही केलेला नाही. नवीन माणूस चांगला आहे. सबब बदल करू नये.

ते पत्र घेऊन मी लवूच्या घरी गेले. सड्याखाली, माडांच्या कडेला मातीचं घर. अंगणात त्याची बायको भागी मिरच्या वाळत घालत होती. मला बघून तिने सूप खाली ठेवलं.

"आता काय ऱ्हवला?" ती म्हणाली.

मी तिला सांगितलं. सगळं, उभ्याउभ्याच. तिला मशीन कळलं नाही, पण शेवटचं वाक्य कळलं.

"म्हणजे कोणी कायएक चोरूक नाय?"

"नाही."

ती पायरीवर बसली. "गाव म्हणता, घाडी चोर. जत्रेक गाऱ्हाणा तेंका घालूक दिल्यानी नाय. चोराच्या तोंडातसून गाऱ्हाणा देवाक पोचना नाय, म्हणान चुलतभावाक उभो केल्यानी. सात पिढ्यांचो मान, बाय. तेवापासून ते देवळाकडे जाणत नाय."

घाडी म्हणजे गावाच्या वतीने देवापुढे मागणं मागणारा, तेच गाऱ्हाणं. वर्षभर त्या माणसाबरोबर काम करून मला हे माहीत नव्हतं. आडनावाचा अर्थ मी कधी विचारला नव्हता.

"आणि ती बाटली?" मी विचारलं. "ती का फेकली त्यांनी?"

भागीने आत पाहिलं, मग आवाज खाली आणला. "डोळ्यातला औषद. दोन वर्सामागे वीख काढताना थेंब उडालो डाव्या डोळ्यात. हळूहळू सगळा गेला. आता तेंका त्या डोळ्यान दिसना नाय. वरच्या गावचो वैद्य बाजारात येता, तो रिकामी बाटली घेवन भरलेली देय. सायबाक कळला तर आंधळ्याक सापांकडे कोण ठेयत? म्हणान लपवल्यानी."

दोन वर्षं एका डोळ्याने तीनशे फुरशी.

लवू मागच्या दाराने आला होता. त्याने किती ऐकलं कुणास ठाऊक. मी पत्र पुढे केलं, माफी मागितली, म्हणाले, मी साहेबांना पुन्हा लिहीन, भांडेन.

"नोकरी नको," तो म्हणाला. "ती मी अशीय सोडूचीच होती. एक दिवस चुकलंय असतंय." मग म्हणाला, "सोमवारी देवळात गाव बसतलो. शिमग्याचा ठरवूक. थय येवन सांग. माका सांगान काय उपेग? माका म्हायतच होता."

"येते," मी म्हणाले.

"आणि डोळ्याचा सांगू नको."

"पण ते सांगितलं तर बाटलीचं लोकांना—"

"तां माजा असा," तो म्हणाला. "तू तुजा सांग."

सोमवारी रवळनाथाच्या देवळात तीस-चाळीस पुरुष बसले होते. बाई मी एकटीच, आणि तीही परगावची. लवू खांबाला टेकून मागे उभा होता. मी आठवडाभर पाठ केलेलं सगळं विसरले.

"लवू घाडींनी विष चोरलं नाही," मी म्हणाले. "त्यांचं नाव साहेबांना मी सांगितलं. माझ्यावर येईल म्हणून भ्याले होते. चूक माझी आहे."

गावकार, म्हणजे गावचे मुख्य मानकरी, दाजी राणे, सत्तरीचे, काठीवर हनुवटी टेकून ऐकत होते. "मगे वीख गेला खय?"

"ते विष नव्हतंच. पाणी होतं. आधी नीट सुकत नव्हतं, आता सुकतं, म्हणून वजन कमी भरतं."

कुणीतरी हसलं. "पाणी चोरीक गेला!"

"बायक लवून पैशे देवन हाडलंला दिसता," मागून एक आवाज आला. आता सगळेच हसले. मी त्यांना पापड्यांबद्दल सांगितलं, कुलपाबद्दल, गळ्यातल्या किल्लीबद्दल. जितकं सांगत गेले तितकं ते रचलेलं वाटायला लागलं, माझं मलासुद्धा. चोरी कशी सगळ्यांना चटकन पटली होती. हे पटत नव्हतं.

दाजी म्हणाले, "देवाक इचारूया. कौल लावा."

गुरव उठला. देवाच्या अंगाला कळ्या लावायच्या, उजवी पडली तर खरं. मी त्या काळ्या दगडाकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, उजवी पडू दे.

"कौल नको," लवू मागून म्हणाला.

सगळे वळले. तो खांबापासून पुढे आला. "माका चोर म्हणताना देवाक इचारल्यात? तेवा तुम्हीच ठरवल्यात. आतापण तुम्हीच ठरवा. ही पोर हय येवन, आपली चूक म्हणान सांगता. तिका ह्यात काय मेळतला? तुमका पटता काय नाय, ता तोंडान सांगा. देवाक मधी कित्याक घालतास?"

माणसं जमिनीकडे बघत होती. मला वाटलं आता उठतील आणि जातील, एकेक करून. दाजी राण्यांनी काठी बाजूला ठेवली. पुढ्यातल्या ताटातला नारळ उचलला आणि कुणाकडेही न बघता हात लांब करून धरला.

"घे रे," ते म्हणाले.

लवूने नारळ घेतला. त्याचा चुलतभाऊ आपणहून बाजूला सरकला. लवू देवासमोर उभा राहिला आणि बोलायला लागला तेव्हा मी दचकले. वर्षभर मला "बाय, हाडून देतंय" म्हणणाऱ्या माणसाचा तो आवाजच नव्हता.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा! आज तुझा गाव तुझ्या पायाकडे जमलो असा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

त्याने गुराढोरांसाठी मागितलं, शेतासाठी, मुंबईला गेलेल्यांसाठी. मग तो थांबला. गाऱ्हाण्यात वाईट करणाऱ्याचं वाटोळं कर, असंही मागतात, हे मला भागीने सांगितलं होतं. लोक माझ्याकडे बघत होते. मीही तेच धरून बसले होते की आता माझं नाव येणार. माझी बोटं पदरात गुंतली होती.

"आणि ज्यांका दिसना नाय," लवू म्हणाला, "तेंका दिसूक दी म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

त्या आवाजात मीही होते.